मंगळवारची चादर

१० सप्टेंबर

आत्या,

तुला 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग' लिहिलं की तू खवळतेस, "रजेचा अर्ज आहे का हा?" म्हणतेस, म्हणून सरळ नमस्कार. पोचले, खोली मिळाली, जेवते, झोपते. बाबांना एवढं सांग, त्यांना पुढचं ऐकायची फुरसत नसते. बाकीचं तुझ्यासाठी.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन पलंग, दोन टेबलं आणि एक खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. खोलीतली दुसरी मुलगी अबोल आहे, पण नीटनेटकी. तिने दाराला आतून टाइमटेबल चिकटवलं, म्हणून मीही चिकटवलं. मी तुझीच भाची, हिरव्या शाईने चौकटी आखल्या.

आठवडा कसा जातो ते सविस्तर लिही म्हणालीस ना? घे. सोमवारी सकाळी हाडं. मोठा उतरता हॉल आणि खाली उभ्या बाई. हे नाव मीच ठेवलंय, कारण त्या अख्ख्या तासात एकदाही बसत नाहीत. हातात एक हाड घेऊन येतात आणि पहिल्या बाकावर देतात. ते फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचतं तेव्हा बाई भलत्याच हाडावर गेलेल्या असतात. दुपारी परदेशी मुलांसाठी इथल्या भाषेचा वर्ग. तिथे मी पहिली! भाड्यावरून भांडायची वाक्यं मला आता तोंडपाठ येतात.

बुधवारी सांध्यांची मोजमापं. गुडघा किती वाकतो, खांदा किती वर जातो, हे पट्टीने मोजायचं, तेही एकमेकींवर. माझा डावा खांदा कमी वर जातो असं निघालं. लहानपणी आत्याने हात वर करून उभं केलं त्याचा हा परिणाम, असं मी ठोकून दिलं. गुरुवारी हॉस्पिटलचा वॉर्ड. पक्षाघात झालेली, पडून हाडं मोडलेली माणसं. आम्ही फक्त बघायचं, उशी सरकवायची, काठी पुढे करायची. तिथे एक आजोबा आहेत, त्यांची उजवी मूठ मिटली ती उघडतच नाही. मला बघितलं की ती मूठ उगारून दाखवतात आणि हसतात. शुक्रवारी सकाळी लेक्चर, दुपारी प्रत्येकाने उभं राहून काहीतरी समजावून सांगायचं. शनिवारी अर्धा दिवस लायब्ररी, मग कपडे धुणं. रविवारी झोप आणि तुला पत्र.

फिजिओथेरपी म्हणजे "मालीश शिकायला एवढ्या लांब" असं तू सगळ्यांना सांगतेस ते मला माहीत आहे. आल्यावर आधी तुझाच गुडघा धरणार आहे. तोवर जिने कमी चढ.

तुझी ठमी


२८ सप्टेंबर

ठमे,

पत्र मिळालं. तुझ्या बापाला "जेवते, झोपते" एवढंच सांगितलं. "बरं" म्हणाला आणि कात्री उचलली. नंतर मात्र दोनदा वर येऊन विचारून गेला, काय जेवते म्हणून. तू पत्रच लिहीत जा. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं माझा हा भाऊ ओरडून सांगतो, तेही स्वतःच्या मनाने.

आता मुद्द्याचं. नोकरीची बहुतेक वर्षं शाळेचं वेळापत्रक मी लावलं. कोणाला जेवणानंतरचा तास नको, कोणाला शनिवारी पहिला नको, आणि आमचे गणिताचे गुरुजी तर पोटदुखीचं सोंग आणायचे. त्यामुळे वेळापत्रक पुढ्यात आलं की माझी नजर भरलेल्या चौकटींवर जात नाही, रिकाम्यांवर जाते. तुझ्या आठवड्यात सोमवारनंतर एकदम बुधवार येतो. मंगळवार कुठे गेला?

सुट्टी असती तर त्यावर तू पानभर नाचली असतीस. विसरलीस म्हणावं, तर रविवारची झोपसुद्धा लिहिलीस. म्हणजे मंगळवारी काहीतरी आहे आणि ते तू मला सांगत नाहीयेस. मी रागावलेली नाही, पण मला शेंडी लावू नकोस. तुझी आई गेली त्या वर्षी तू दप्तर घेऊन निघायचीस आणि दुकानाच्या मागे चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून राहायचीस. मी वर्गात हजेरी घेताना तुझ्या नावापाशी थांबायचे. मला तेव्हाही कळलं होतं आणि आताही कळतंय.

माझा गुडघा आहे तिथेच आहे. जिन्याला मात्र कोणीतरी पायऱ्या वाढवून ठेवल्यात. दिवसभर वरच असते. खाली दुकानात त्याची शिलाई मशीन चालू झाली की ऐकू येत नाही, पण जमिनीतून तळपायांना कळते. तेवढी सोबत मला पुरते.

मंगळवार लिहून पाठव.

आत्या


१४ ऑक्टोबर

आत्या,

तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे नुसती दमणूक. सांगते.

मंगळवारी सकाळी डिसेक्शन असतं. तळमजल्यावर एक लांबट हॉल आहे, तिथे ओळीने टेबलं आणि प्रत्येक टेबलावर एक माणूस. मेलेलं. जिवंतपणी ज्यांनी स्वखुशीने लिहून दिलं, की मी गेल्यावर माझ्या शरीरावर मुलांना शिकू द्या, ती माणसं. एका टेबलाला आम्ही सहा जण.

पहिल्या मंगळवारी उभ्या बाई म्हणाल्या, आज चादर फक्त हातापुरती बाजूला करा. आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई आहे. चादर मी सरकवली. उजवा हात होता. संधिवाताने बोटं बाहेरच्या बाजूला वाकलेली, अंगठा आत वळलेला, नखं नीट कापलेली. आत्या, तो तुझा हात होता. नव्हता हे मलाही कळतं! पण खडू मुठीत धरून फळ्यावर लिहिणारा, माझी वेणी घालताना मध्येच थांबून बोटं मोडणारा, तोच हात माझ्यासमोर पडला होता. मी चालत बाहेर गेले आणि पायरीवर बसून राहिले.

त्यानंतर एकाही मंगळवारी मी आत पाऊल टाकलेलं नाही. खोलीतल्या मुलीला कळू नये म्हणून पांढरा कोट घेऊन वेळेवर निघते आणि बसस्टॉपवर जाऊन बसते. बस आली की बघायचं, गेली की बघायचं. चिंध्यांचं गाठोडं तेवढं इथे नाही.

परवा उभ्या बाईंनी बोलावलं. रागावतील म्हणून मी मान खाली घालून गेले, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ज्या मुलीला हातांनी उपचार करायचेत तिने हात आतून बघायलाच हवा, त्याला दुसरी वाट नाही. हे सत्र संपायच्या आत मंगळवार भरून काढले नाहीत तर पुढच्या वर्षात बसता येणार नाही. म्हणजे एकतर त्या दारातून आत जायचं, नाहीतर सामान बांधायचं. बाबांच्या दुकानात काज-बटणं करायला मला कमीपणा वाटत नाही, आत्या. पण मला हे शिकायचंय. त्या आजोबांची मूठ उघडावी असं मला फार वाटतं.

काय करू सांग. बाबांना बोलू नकोस, त्यांचं धाबं दणाणेल.

ठमी


२ नोव्हेंबर

ठमे,

तुझं पत्र वाचून आधी मी माझा हात बघितला. बोटं वाकडी आहेत खरी. चहाचा कप हल्ली दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण माझा हात माझ्यापाशीच आहे. त्यानेच हे लिहितेय, अक्षरावरून तुला कळलंच असेल.

घाबरू नकोस, धीर धर, असलं काही मी लिहिणार नाही. असं सांगून कोणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. शाळा सुरू झाली की पहिलीच्या वर्गाबाहेर पोरं दार धरून रडत उभी राहायची. बाकीच्या बाई त्यांना समजवायच्या, चॉकलेट दाखवायच्या, शेवटी हाताला धरून ओढायच्या. मी डस्टर द्यायचे. म्हणायचे, "अगं, फळा पुसायला कोणीच नाहीये. तेवढा पुसून दे आणि मग जा घरी." पोरगी हुंदके देत आत यायची, फळा पुसायची, वर हात पुरत नाही म्हणून खुर्ची मागायची, आणि खुर्चीवर चढली की घर विसरायची. हातात काम आलं की पाय आपोआप आत येतात. तुलाही डस्टर मीच दिला होता. तू विसरलीस, मी नाही विसरले.

तेव्हा तू आता उभ्या बाईंकडे जा आणि शिकायचं नाव काढू नकोस. मला या हॉलमध्ये एखादं काम द्या, एवढंच म्हण. कसलंही चालेल म्हण. बाई शहाण्या असतील तर त्यांना कळेल.

आणखी एक. तो हात माझ्यासारखा दिसला म्हणून तू पळालीस. मला वाटतं, म्हणूनच थांबायला हवं होतंस. ओळखीचं माणूस दिसलं तर आपण निदान जवळ तरी जातो ना गं?

तुझ्या बापाला काही बोललेले नाही. तो सध्या रोज दूध घेऊन वर येतो आणि मी संपवेपर्यंत दारात उभा राहतो. पूर्वी मी त्याच्यावर अशी पाळत ठेवायचे. आता सूड उगवतोय.

आत्या


२९ नोव्हेंबर

आत्या,

मिळाला डस्टर!

उभ्या बाईंना तू सांगितलंस तसं म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चादरी." तास संपला की प्रत्येक टेबलावर धुतलेली चादर नीट घालायची आणि काढलेल्या चादरींच्या घड्या करून धुवायला द्यायच्या. तास चालू असताना आत यायची सक्ती नाही.

पहिल्या दिवशी सगळे गेल्यावर आत गेले. त्या औषधाचा वास डोळ्यांत जातो. मी नजर चादरीवरून हलवली नाही. आणि चादरी तरी कसल्या गं, ताग्यातून टराटरा फाडलेले तुकडे! कडेला दुमड नाही की शिलाई नाही. धुऊन धुऊन दोरे सुटलेत, ते बोटांत अडकतात, टेबलाच्या चाकांत गुंततात. बाबांनी बघितलं असतं तर तिथल्या तिथे मशीन मागवली असती.

आमच्या बाईवर चादर घालायला गेले तर तिचा हात बाहेर राहिला होता. (नावं सांगत नाहीत, म्हणून आम्ही तिला 'आमची बाई' म्हणतो.) हात आत घ्यायचा तर धरावा लागणार. दोनदा चादर वरूनच ओढून बघितली, जमेना. मग धरला. गार होता, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा जुना डाग आहे. तुला तसा डाग नाही. तेव्हा कुठे मला ती तू वाटेनाशी झाली आणि तिची ती वाटायला लागली. मी तिचा हात आत घेतला, चादर खांद्यापाशी खोचली आणि बाहेर येऊन मनसोक्त रडले. पण या वेळी पळाले नव्हते.

पुढच्या मंगळवारी तासालाच उभी राहिले. सुरुवातीला सगळे हात खाली सोडून गप्प उभे राहतात. उभ्या बाई म्हणतात, "यांची परवानगी आहे," आणि मगच चादरी निघतात. मी आधी नुसता दिवा धरला. गेल्या मंगळवारी सुरी धरली. हजेरी भरून निघेल असं बाईंनी काल सांगितलं. सामान बांधायचं नाही, आत्या!

तू दूध पितेस ना? आणि या वेळी तुझं अक्षर ओळ सोडून खाली का उतरलंय?

ठमी


१८ डिसेंबर

ठमे,

शिक्षिकेच्या अक्षराची तक्रार करतेस, धीट झालीस. तुझ्या मंगळवारचं वाचून मी एकटीच वर बसून टाळ्या वाजवल्या. तुझ्या बापाला वाटलं, मी बोलावतेय.

अक्षर उतरलंय, कारण माझं हृदय थकलंय. डॉक्टरांनी तुझ्या बापाला बाहेर नेऊन सांगितलं, पण दाराला काच होती आणि ऐकू येईनासं झाल्यापासून मी ओठ वाचते. फार महिने नाहीत. रडून घे, मग पुढचं वाच.

तुझी चादरीची दोन पानं मी पुन्हा पुन्हा वाचली. मग एक दिवस गाडी करून आपल्या इथल्या मेडिकल कॉलेजात गेले आणि देहदानाचा अर्ज भरून आले. जिने उतरायला तुझ्या बापानेच हात दिला, कुठे जातेय ते त्याला माहीत नव्हतं. पण नुसत्या माझ्या सहीवर भागत नाही. मी गेल्यावर घरच्याने तिथे नेऊन पोचवावं लागतं. घरचा म्हणजे तोच.

संध्याकाळी त्याला सांगितलं. आधी हसला, मग पांढरा पडला. म्हणाला, "ताई, मी जन्मभर कापतोय. कापणारा फक्त कापडाकडे बघतो, अंगात कोण घालणार त्याच्याकडे नाही. तुला मी कापणाऱ्यांच्या हवाली करणार नाही." मी समजवायला गेले तर दुसऱ्या दिवशी मशीन उचलून मागच्या खोलीत नेली. दूध आणतो, औषध देतो, बोलत मात्र नाही. माझ्या पायाखाली आता सगळं बंद आहे. ते मला सोसत नाही.

तू त्याला लिही. तू त्या खोलीत असतेस, तुझं तो ऐकेल. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

आत्या


५ जानेवारी

आत्या,

नाही.

बाबा बरोबर बोलताहेत. तुला मी चादर लिहिली, गप्प उभं राहणं लिहिलं. चादर काढल्यावर काय होतं ते लिहिलं नाही. ते मी करते म्हणून मला माहीत आहे. तुझ्यावर ते कोणी करायचं नाही. मी दुसऱ्या कोणाच्याही हातावर शिकेन, पण तुझ्या हाताला कोणी सुरी लावलेली मला चालणार नाही. हे चुकीचं असेल तर असू दे.

तो अर्ज परत आण. औषधं घे. परीक्षा झाली की मी येते, तोवर तू कुठेही जायचं नाहीस.

ठमी


२२ जानेवारी

ठमे,

तुझ्या टेबलावरच्या बाईलाही कोणीतरी भाची असेल.

फार लिहिवत नाही. रागावलेली नाही. मंगळवार बुडवू नकोस.

आत्या


९ फेब्रुवारी

ठमे, आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, मापं लिहायची आहे. चुकलं तर सांभाळून घे.

ताई आता पलंगावरच असते. उठून बसवलं तर बसते. तुला बोलावू का विचारलं, तर नको म्हणाली, मंगळवार बुडेल म्हणाली. तुझ्या मंगळवारचं सगळं मला तिने वाचून दाखवलं. तू मला सांगितलं नाहीस त्याचा राग नाही.

तिने सकाळी माझा हात धरला आणि पुन्हा तेच मागितलं. मी नाही म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. आई कामाला जायची तेव्हा हिने मला कडेवर घेऊन वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, तुझी आई गेली तर तुला उचललं. तिला नाही म्हणताना मला काय होतं ते माझं मला माहीत. पण हो म्हणायचं तरी कसं? ती गेल्यावर मी तिला परक्या लोकांच्या दारात ठेवून घरी येऊन जेवायचं का?

तू तिथे असतेस. तुला नको आहे हेही ताईने सांगितलं. तरी मला खरं सांग, तिथे काय करतात? मला बरं वाटावं म्हणून गोड लिहू नकोस. खरं काय ते कळलं म्हणजे मी ठरवीन.

बाबा


२४ फेब्रुवारी

बाबा,

खरं सांगते. कापतात. मी कापते.

पहिल्यांदा सुरी धरली तेव्हा मी सरळ कापायलाच निघाले होते. उभ्या बाईंनी मला थांबवलं आणि आधी निळ्या पेनाने रेघ मारायला लावली. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, आणि त्या रेघेच्या बाहेर जायचं नाही. मला तुमचा खडू आठवला. कापड पसरून तुम्ही किती वेळ नुसते बघत उभे राहता, मग खडू मारता, मग कात्री घेता. बाबा, कापणारा अंगात घालणाऱ्याकडे बघत नाही, हे तुम्ही आत्याला खोटं सांगितलंत. आपल्या पोस्टमनच्या पाठीला बाक आहे. त्याचा कोट तुम्ही मागून लांब आणि पुढून आखूड कापता, म्हणजे तो चारचौघांत सरळ दिसावा. तुम्ही त्याच्याकडेच बघता. मी तुमची मुलगी आहे.

सगळं चांगलंच असतं असं नाही. एकदा पलीकडच्या टेबलावरचा मुलगा काहीतरी बोलून हसला. उभ्या बाईंनी त्याला बाहेर काढलं आणि अजून आत घेतलेलं नाही. पण हसला होता, हे मी लपवणार नाही. वास कपड्यांना राहतो. काही दिवशी मला जेवण जात नाही. आणि वर्ष संपलं की आमच्या बाईचं सगळं संपलेलं असेल, तिला होती तशी परत कोणी बघणार नाही.

आता गुरुवारचं सांगते. वॉर्डातले ते मूठ मिटलेले आजोबा. आता आम्हाला रुग्णांना हात लावू देतात. गेले कित्येक आठवडे मी त्यांची बोटं एकेक करून उघडायला जायचे आणि मूठ जास्तच घट्ट व्हायची. मंगळवारी आमच्या बाईच्या हातात मी बघितलं, की बोटं मिटवणाऱ्या दोऱ्या मनगटाखालून कशा जातात. मनगट खाली वाकवलं की त्या आपोआप सैल पडतात. गुरुवारी मी बोटांना हातच लावला नाही. मनगट हळूच खाली केलं, त्या दोऱ्यांवर अंगठा ठेवला आणि वाट बघितली. मूठ उघडली, बाबा. पूर्ण नाही, कपाचा कान मावेल एवढी. आजोबांनी कप उचलला, अर्धा चहा माझ्या कोटावर सांडला आणि उरलेला स्वतः प्यायले. त्यांची बायको तोंडात पदर कोंबून रडत होती.

त्याच आठवड्यात आत्याची ओळ आली, तुझ्या टेबलावरच्या बाईलाही कोणीतरी भाची असेल म्हणून. मंगळवारी चादर घालताना मला पहिल्यांदा वाटलं, की या बाईलाही कोणीतरी इथे आणून सोडलं असणार. भावाने असेल, नाहीतर मुलीने. घरी गेल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसणार. त्यांनी नाही म्हटलं असतं तर त्यांना कोणी नावं ठेवली नसती. पण मग आजोबांचा कप टेबलावरच राहिला असता.

आत्याला नाही लिहिलं ते मी भीतीने लिहिलं. भीती अजून आहे. तरी तिचं ऐका, बाबा. तिने जन्मभर आपल्या दोघांचंच बघितलं, आता एकदा तिच्या मनासारखं होऊ दे. तुम्हाला रडू आलं तर येऊ दे, मीही इथे रडतेच आहे.

आणि माझं एक काम करा. इथल्या चादरींच्या कडा उसवलेल्या आहेत, तिथेही तसंच असेल. आत्यासाठी एक नीट चादर शिवून ठेवाल का? माप तुम्हाला माहीत आहे.

ठमी


३० मार्च

ठमे, आशीर्वाद.

फोनवर तुला ताई गेल्याचं सांगितलं, तेव्हा पुढचं माझ्याने बोलवलं नाही. म्हणून लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मशीन पुढे आणली. जाड सुती पांढरं कापड घेतलं, आधी धुऊन घेतलं, नंतर आटायला नको. चारी कडांना दुहेरी दुमड घातली, कोपरे तिरके मोडले. असं काम हल्ली कोणी मागत नाही. अर्ध्यावर असताना वरून काठी आपटली म्हणून धावत गेलो. बघतो तर ताई स्वतः उठून बसली होती, पाय खाली सोडून, तळवे जमिनीला टेकवून. घाबरून विचारलं, काय झालं? म्हणाली, "थांबलास का? चालू ठेव की." मग खाली आलो. चादर संपली तरी मशीन चालूच ठेवली, रिकाम्या चिंधीवर शिलाई मारत बसलो.

दुसऱ्या दिवशी चादर तिच्या मांडीवर ठेवली. तिने दुमड उलटून बघितली, शिलाईवरून बोट फिरवलं. कशासाठी आहे ते मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. मग एकदम हसली. म्हणाली, "ठमीने तुला डस्टर दिला वाटतं." मला काही कळलं नाही. तुला कळत असेल तर लिही.

ती पहाटे गेली, झोपेतच. मी आणि पोस्टमन, आम्ही दोघांनी तिला कॉलेजात नेलं. मला वाटलं होतं, दारातून परत फिरीन. पण चादर मी हातात घेतली होती, ती नीट घातली जाते की नाही हे बघायला आत जावंच लागलं. तिथल्या बाईंनी मलाच घालू दिली. तिचा उजवा हात बाहेर राहत होता, तो मी आत घेतला. चादर तिच्याजवळच राहील म्हणाल्या. संध्याकाळी भूक नव्हती, तरी बसून जेवलो. उपाशी राहिलेलं तिला चाललं नसतं.

कॉलेजातून निघताना कारकुनाने कागद पुढे घेतला होता. नाव, वय सांगितलं. काय करायच्या, विचारलं. मी म्हटलं, शिक्षिका. तो लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे निवृत्त शिक्षिका."

मी म्हटलं, नको. नुसतं शिक्षिका लिहा.

बाबा